धुतलेला स्पंज

बाजारातल्या कुलूपवालीला दोन गोष्टींचा गर्व होता आणि दोन्हींबद्दल ती कुणाचं ऐकून घेत नसे. एक म्हणजे तिच्या हाताखालून गेलेलं कुलूप पुन्हा कुरकुरत नाही. दुसरी म्हणजे तिच्या माशांचं पाणी. लोक मासे बघायला यायचे, रंग बघून वा वा करायचे, फोटो काढायचे. हिचं लक्ष मात्र, पाहुणा पाण्याबद्दल काही बोलतो का, याकडे असायचं. बोलला तर त्याला चहा मिळायचा. नाही बोलला तर त्याला दुकानात काम असल्याची आठवण करून दिली जायची.

टाकी बाहेरच्या खोलीत होती. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत काचच काच, आणि खाली टाकी पेलणारा, तिने स्वतः जोडलेला लोखंडी घोडा. आत ताटलीएवढे गोल, चपटे, निळ्या-तांबड्या रेघांचे मासे. जाणकार त्यांना डिस्कस म्हणतात. दिसायला राजबिंडे, पण जावई परवडला असे त्यांचे नखरे. पाणी कोमट हवं, मऊ हवं आणि रोज थोडं बदलायला हवं. नळाचं पाणी सरळ ओतलेलं चालत नाही, ते पिंपात मुरवून, त्यातलं क्लोरीन उडवून, मग गरम करून द्यायचं. कुलूपवाली रोज दुकान उघडण्याआधी हे सगळं करायची आणि दुकान बंद केल्यावर त्यांचं खाणंपिणं बघायची. लग्नाला गेली तर अक्षता पडल्या की निघायची. परगावी मुक्काम तर तिने कित्येक वर्षांत केला नव्हता. नातेवाइकांनी आधी नाकं मुरडली, मग चेष्टा केली आणि शेवटी आग्रह करणंच सोडून दिलं.

दोन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला आला. दोघंही एकटे, घर मोठं, म्हणून सोय झाली. भाऊ एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागाचा प्रमुख होता. उभा जन्म त्याने चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे डगले पांढरे करण्यात घालवला होता. डाग दिसला की त्याला स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटायचं. घरात आल्यावर त्याने पडदे धुतले, पायपुसणी धुतली, ताईच्या दुकानातल्या काळ्याकुट्ट चिंध्यासुद्धा धुऊन घड्या घालून ठेवल्या. टाकीला मात्र ताईने त्याला बोट लावू दिलं नाही.

"तुझ्या माशांना माझ्यापेक्षा जास्त गरम पाणी मिळतं," तो म्हणायचा.

"ते तुझ्यापेक्षा कमी बोलतात," ताई म्हणायची.

असं सगळं छान चाललं होतं. मग शेजारच्या शहरातल्या तंत्रशाळेच्या प्राचार्यबाई दुकानात आल्या. कुलपं आणि तिजोऱ्यांच्या कामाचा नवा वर्ग त्यांनी सुरू केला होता आणि शिकवणारे गृहस्थ अचानक परदेशी निघून गेले होते. कुलूपवालीचं नाव त्यांना तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं होतं. सोमवार ते शुक्रवार तिथे राहायचं, शिकवायचं आणि शनिवार-रविवार घरी यायचं. शनिवारी दुकानही उघडता येईल. आधी आठवडाभर येऊन बघा, मग ठरवा, असं त्या म्हणाल्या.

कुलूपवालीने तिथल्या तिथे नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "बघते" असं म्हणाली. हे आपल्याच तोंडून निघालं याचं तिला दिवसभर आश्चर्य वाटत राहिलं.

भावाने तर ती बातमी उचलूनच धरली. "जा! एक आठवडा मी मासे बघतो. काय करायचं ते सांग."

"खायला दिवसातून एकदा. पिंपातलं पाणी रोज एवढं काढायचं, एवढं घालायचं. आणि बाकी कशाला हात लावायचा नाही."

"का?"

"नाही लावायचा म्हणजे नाही."

इथे खरं तर तिने दोन वाक्यं जास्त बोलायला हवी होती. पण कारणं सांगायची तिला सवय नव्हती. कुलपांना कधी कारणं सांगावी लागत नाहीत आणि माशांनाही नाहीत.

तो आठवडा तिला मानवला. पहिल्या दिवशी तिने मुलामुलींना नुसती कानस धरायला शिकवलं आणि सगळ्यांची बोटं सोलवटून निघाली. तिसऱ्या दिवशी जाड भिंगाच्या एका मुलीने कुलपाला कान लावला, आतली पिन बसल्याचा आवाज ओळखला आणि कुलूप उघडलं. सगळ्यांनी बाकं बडवली. "बाई, हिने उघडलं!" एक जण ओरडला. कुलूपवालीला आजवर कुणी बाई म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी खोलीवर परतताना तिच्या ध्यानात आलं, की सबंध दुपारभर आपल्याला मासे आठवलेच नाहीत. तिला चोरी केल्यासारखं वाटलं, आणि तरी दुसऱ्या दिवशी वर्ग कधी सुरू होतो असं तिला झालं होतं. निघताना प्राचार्यबाईंनी सोमवारपर्यंत काय ते कळवायला सांगितलं.

शुक्रवारी दुपारी ती घरी आली तेव्हा भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभा होता.

"ताई, डोळे मीट."

"काय झालं?"

"मीट तर!"

तिने मिटले. त्याने तिला हाताला धरून आत नेलं आणि उघड म्हणाला. टाकी लखलखत होती. काचेवर एक डाग नाही, लाकडाच्या ओंडक्यावर शेवाळ नाही, नळ्या अगदी नव्यासारख्या. भावाने फिल्टरचं झाकण उघडून आतला स्पंज दोन बोटांत धरून तिच्यासमोर नाचवला. स्पंज निळा होता. तो मुळात निळा असतो हे ती विसरूनच गेली होती.

"काय घाण साठली होती गं यात! काल सकाळी काढला. चार बादल्या काळं पाणी निघालं. आधी गरम पाण्यात, मग ब्लीचमध्ये भिजवला, मग सात वेळा खळबळला. वास घेऊन बघ. आहे वास?"

वास नव्हता. भावाच्या कामात खोट काढायची सोयच नव्हती.

कुलूपवालीने माशांकडे पाहिलं. सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. निळ्या-तांबड्या रेघा विझून अंगं काळपट पडली होती आणि कल्ले धावून आल्यासारखे भराभर उघडत-मिटत होते.

माशांची घाण पाण्यातच विरते आणि तिचं विष होतं. ते विष खाऊन टाकणारे जिवाणू त्या स्पंजातल्या तपकिरी मळात राहतात. तो मळ धरायला महिने लागतात आणि मुरायला वर्षं. जाणकार माणूस स्पंज धुतच नाही, फार तर टाकीतल्याच पाण्यात दोनदा पिळतो. भावाने वर्षानुवर्षांची ती मिळकत चार बादल्यांत ओतून दिली होती.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एकेक धारदार शब्द जिभेवर येऊन बसला. पण समोर भाऊ उभा होता, हातात तो निळा स्पंज, आणि शाळेतून बक्षीस घेऊन घरी आलेल्या पोराचा चेहरा. साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडावर तो चेहरा बघून तिने सगळे शब्द गिळले.

"बादल्या आण," ती म्हणाली. "ह्यांचा जीव चाललाय."

त्यांनी अर्धंअधिक पाणी काढलं आणि पिंपातलं होतं नव्हतं ते सगळं घातलं. काय झालंय ते तिने पाणी उपसता उपसताच त्याला सांगितलं. भाऊ पांढराफटक पडला. एका काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन तिने तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहिलं तर पाणी चांगलं. पाणी हिरवंगार झालं.

"आता?" भावाने विचारलं.

"पाणी बदलत राहिलं तर थोडा वेळ काढता येईल. पण मळ हवा. जुना, मुरलेला. दुसऱ्याच्या फिल्टरमधला."

"कुणाकडे आहे?"

उत्तर तिला माहीत होतं, पण ते तिला आवडणारं नव्हतं. गावात तितका जुना स्पंज एकाच माणसाकडे होता, दातवाल्या डॉक्टरांकडे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात तिचे मासे पहिले आले, तेव्हा हे डॉक्टर चारचौघांत म्हणाले होते, "हा रंग माशांचा नाही, खाण्यातल्या औषधाचा आहे." तेव्हापासून तिने त्यांचा रस्ता टाकला होता. एकदा त्यांच्या दवाखान्याचं कुलूप अडकलं तेव्हाही तिने त्यांच्या माणसाला दुसऱ्या गल्लीतल्या कारागिराकडे पिटाळलं होतं. आणि आज त्या माणसाकडे जाऊन मागायचं काय, तर मळ!

"मी जातो," भाऊ म्हणाला. "चूक माझी आहे."

"तू धुऊन आणशील," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

दवाखान्यात डॉक्टर एका जाडजूड गृहस्थाच्या तोंडात डोकावून बसले होते. मदतनीस बाई "नंबर घ्या, नंबर घ्या" म्हणेपर्यंत कुलूपवाली थेट आत शिरली. सगळा रस्ता ती काय बोलायचं ते जुळवत आली होती. त्यातलं काहीच तिला आठवलं नाही.

"तुमच्या फिल्टरमधला मळ हवाय," ती म्हणाली.

खुर्चीतल्या गृहस्थांनी आ वासलेल्या तोंडानेच डोळे मोठे केले. डॉक्टरांनी मात्र क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि हातातलं हत्यार खाली ठेवलं.

"कुणी धुतला?"

"घरातल्याने."

"नळाच्या पाण्याने?"

"ब्लीचने."

"अरे देवा," डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे काढायला लागले. "तुम्ही चूळ भरून बसा, आलोच," असं त्या गृहस्थांना सांगून ते तिला घेऊन जिना चढले.

त्यांची टाकी वरच्या मजल्यावर होती. कुलूपवालीने ठरवलं होतं की तिकडे बघायचंच नाही, पण नजर गेलीच. मासे तेजदार होते आणि पाणी असं, की मासे हवेत टांगल्यासारखे दिसावेत. डॉक्टरांनी फिल्टर उघडला आणि आतून शेणासारखा तपकिरी, बुळबुळीत, सुरेख मळलेला स्पंज काढला. टाकीतलंच पाणी भरलेल्या बरणीत त्यांनी तो अलगद सोडला. कापून अर्धा नाही, अख्खा दिला.

"आणि तुमच्या माशांना?" तिने विचारलं.

"दुसरा बसवलाय महिन्याभरापूर्वी. कच्चा आहे, पण सांभाळून घेईन."

"मी असते तर अर्धाच दिला असता."

"माहीत आहे मला," डॉक्टर म्हणाले. मग जरा घुटमळून म्हणाले, "बाई, त्या दिवशी प्रदर्शनात मी जे बोललो—"

"डॉक्टर, माझे मासे गुदमरतायत. ते भांडण सवडीने करू." ती जिना उतरायला लागली, मग अर्ध्यावर थांबली. "पाणी चांगलं ठेवलंय तुम्ही," एवढं तिने मागे न बघता सांगितलं आणि बरणी पोटाशी धरून पळत सुटली.

मळलेला स्पंज फिल्टरमध्ये बसला, पण तो काही जादू करणार नव्हता. दोघं आळीपाळीने नळाचं पाणी उकळून त्यातलं क्लोरीन उडवत होते, जुनं काढत होते, नवं घालत होते, थेंब टाकून बघत होते. हिरवं, पुन्हा हिरवं. शनिवारी सकाळी सगळ्यात लहान मादी तळाशी आडवी पडलेली दिसली. भावाने तिला जाळीने बाहेर काढलं आणि तिथेच खुर्चीवर बसून राहिला. त्याने दुपारी जेवायचंही नाकारलं.

"माझ्यावर रागाव तरी," तो म्हणाला.

"रागावून झालंय. दवाखान्याच्या वाटेवर. जेव आता."

त्याच दुपारी एक जण धावत आला. त्याच्या घराचं दार ओढलं जाऊन बंद झालं होतं, किल्ली आत आणि गॅसवर दूध. कुलूपवालीला जाणं भाग होतं. टाकी भावावर सोडायची तर आता नुसतं "हात लावू नकोस" म्हणून भागणार नव्हतं. म्हणून तिने त्याला प्रथमच नीट कारणं सांगितली. पाणी का मुरवायचं, कोमट का, मऊ का.

"मऊ म्हणजे जड नाही ते ना?" भावाने विचारलं. "जड पाण्याने आमच्याकडे चादरी करड्या पडायच्या. मी रोज सकाळी तपासायचो. आणि क्लोरीनचं म्हणशील तर त्याचा वास मला दाराबाहेरून कळतो."

कुलूपवाली हातात हत्यारांची पिशवी घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. दोन वर्षं हा माणूस तिच्या घरात होता, जन्मभर पाण्याचंच काम करून आला होता, आणि तिने त्याला पाण्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

दार उघडून परत येताना तिच्या मनात जे आलं ते काही सांगण्यासारखं नव्हतं. टाकीचं वाटोळं झालेलं पाहिल्यावर तिला राग आला होता, भीती वाटली होती, हे खरंच. पण त्याच्याही तळाशी कुठेतरी तिला बरं वाटलं होतं. बघा, मी एक आठवडा नव्हते तर काय झालं! आता मला कोण जा म्हणेल? तंत्रशाळेला नकार द्यायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळालं नसतं आणि तो नकार तिने मनात जवळजवळ पक्का करूनही टाकला होता. आपलं मन इतकं कोतं असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि ते दिसल्यावर तिला लाज वाटली.

रविवारी पहाटे ती उठली तेव्हा भाऊ टाकीशी होताच. दोन रात्रींच्या अर्धवट झोपेने तिचे हात जड झाले होते. पाण्याची बादली उचलून ती टाकीत ओतायला गेली, तर त्याने मध्येच हात आडवा घातला.

"थांब. गार आहे."

"काही गार नाही."

"ताई, गार आहे म्हणतो ना."

तिने चिडून तापमापक बुडवला. पाणी गार होतं. एवढ्या गार पाण्याने आजारी माशांची उरलीसुरली ताकदही गेली असती. भावाने तिच्या हातातली बादली घेतली, त्यात गरम पाणी घातलं, कोपर बुडवून पाहिलं, आणखी जरासं घातलं आणि मग माशांना कळणारही नाही अशा बेताने, काचेच्या कडेकडेने ते पाणी टाकीत सोडलं. एवढ्या वर्षांत ती स्वतःही इतक्या हळुवारपणे पाणी घालत नव्हती. तिला घाई असायची.

त्या सकाळी नळीतलं पाणी पहिल्यांदा हिरव्याकडून पिवळ्याकडे झुकलं. दुपारी मासे कोपरा सोडून मध्ये आले. मोठ्या नराच्या अंगावरच्या निळ्या रेघा एकेक करून उजळल्या. भावाने त्याला खायला टाकलं आणि त्याने ते घेतल्यावर भाऊ इतका खूश झाला की "खाल्लं, खाल्लं" म्हणत स्वयंपाकघरापर्यंत सांगायला आला. कुलूपवालीने हातातली पोळी तशीच ठेवली आणि प्राचार्यबाईंना फोन लावला. सोमवारची वाट कशाला बघायची, ती म्हणाली, मी येते आहे.

संध्याकाळी दातवाले डॉक्टर आले. मासे कसे आहेत ते बघायला आलो, असं म्हणाले, आणि खरंच बराच वेळ काचेसमोर मान वाकवून बघत राहिले. पण त्यांच्या मनात आणखीही काही होतं.

"तुम्ही शिकवायला बाहेरगावी जाताय म्हणून ऐकलं," ते शेवटी म्हणाले. "टाकी मोडणार असाल तर ही मोठी जोडी मला द्याल? मी जीवापाड सांभाळीन. तुम्हाला माहीत आहे."

तिला माहीत होतं. त्या माणसाने आपला अख्खा स्पंज काढून दिला होता, शिवाय मासे त्याच्याकडे सुखात राहिले असते यात शंका नव्हती. कालपर्यंत कुणी हे विचारलं असतं तर तिने एक तर घरातून हाकलून दिलं असतं, नाही तर रडत रडत हो म्हटलं असतं. भाऊ टाकीत कोपरापर्यंत हात घालून ओंडका सरळ करत होता. त्याचा हात तिथेच थांबला. त्याने मान वर केली नाही.

"मला काय विचारता?" कुलूपवाली म्हणाली. "टाकी ह्याची आहे. ह्याला विचारा."

भावाने हात बाहेर काढला. कोपरावरून पाणी गळत होतं, इस्त्रीच्या विजारीवर ओघळत होतं आणि त्याला त्याचं भान नव्हतं. त्याने एकदा ताईकडे पाहिलं, एकदा माशांकडे, आणि मग डॉक्टरांकडे वळून अगदी ताईच्याच ठसक्यात म्हणाला, "नाही द्यायची. मनाला लावून घेऊ नका, डॉक्टर. पिल्लं झाली की पहिली तुमची. पण ही जोडी इथेच राहणार."

डॉक्टर हसले, कान पकडले आणि चहा मिळेल का म्हणून विचारलं.

कुलूपवाली तिथे उभी राहू शकली नाही. प्रदर्शनात पहिलं बक्षीस हातात आलं होतं तेव्हाही तिला एवढा अभिमान वाटला नव्हता. आणि त्या दोघांना ते दिसू द्यायचं नव्हतं. चहाचं भावाच्या गळ्यात घालून ती आत गेली आणि उद्याच्या वर्गासाठी कानशी पुसून पिशवीत भरायला लागली.